मुक्काम पोस्ट व्हॅन

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ज्याची उभी हयात गेली, त्या मनुष्याच्या मनात निवृत्तीनंतर कोणत्या वासना शिल्लक राहतात, याचा शोध अद्याप कोणा मानसशास्त्रज्ञाने घेतल्याचे ऐकिवात नाही. परंतु माझ्यापुरते विचाराल तर उघड्या माळावर मुक्काम ठोकण्याची वासना ही त्या सर्वांत चिवट निघाली. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा कलेक्टर पावसाळा सरताच दप्तर बैलगाड्यांवर लादून फिरतीवर निघे, आमराईत डेरे देई आणि झाडाखाली खुर्ची टाकून रयतेच्या फिर्यादी ऐके, असे आम्ही जुन्या कारकुनांच्या तोंडून ऐकत आलो. आमच्या वाट्याला त्या वैभवापैकी केवळ प्रवासभत्त्याची बिले आली. दुसऱ्यांनी कोठे किती रात्री मुक्काम केला आणि तो खरोखरच केला काय, हे सारी नोकरी तपासत बसलेल्या माणसाला एकदा स्वतःचा मुक्काम लावावासा वाटला, तर त्यात अस्वाभाविक ते काय?

2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा सरकारने माझे मन वाचले अशीच माझी समजूत झाली. धोरणातल्या कॅरॅव्हॅनमध्ये बिछाना, ओटा, शौचालय इत्यादी सरंजाम असतो. माझ्या निवृत्तिवेतनाला जी व्हॅन झेपली ती मात्र पूर्वाश्रमी शाळेच्या मुलांची ने-आण करीत होती. तिच्या सीटखालून पहिल्याच दिवशी खोडरबराचे तुकडे, डब्यातला चमचा, एका पायाचा मोजा आणि सातच्या पाढ्याचा निम्मा कागद निघाला. मागल्या काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न' अशी अक्षरे होती. ती खरवडून काढण्याचा माझा प्रस्ताव सौभाग्यवतींनी जागच्या जागी फेटाळला आणि पाढ्याचा कागदही, 'असू दे, कुणाचा तरी आहे,' म्हणून परत सीटखाली ठेवून दिला.

गाडीत निजावयाचे म्हणजे फळी हवी, आणि अंबरनाथच्या माणसाला फळी, पलंग वा कपाट हवे असले की त्याची पावले आपोआप उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराकडे वळतात. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करण्यास मोटार वाहन कायदा, 1988, याच्या कलम 52 ची आडकाठी असल्यामुळे, मी घडीची, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी आणि वेळ पडल्यास ताबडतोब बाहेर काढता येईल अशी फळी मागितली. दुकानाचे मालक वयोवृद्ध सिंधी गृहस्थ होते. फळीचे प्रयोजन ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढविला आणि मजकडे बराच वेळ पाहिले. त्यांचे पाहणे समजून घेण्यासाठी त्या गावाचे पूर्ववृत्त ठाऊक असावयास हवे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकी उभारल्या गेल्या, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची त्यांत सोय लावण्यात आली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही 'कॅम्प चार' नाहीतर 'कॅम्प पाच' असेच म्हणावे लागते. "काका," ते गृहस्थ अखेर म्हणाले, "आमच्या वडिलांनी बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार केला. आपले छप्पर व्हावे म्हणून जन्म घातला. तुम्ही पेन्शन खर्चून उलटे चाललात?" आणि मी काही न मागता त्यांनी पाचशे रुपये सोडले. त्या बाजारात न मागता पैसे सुटले की गिऱ्हाइकाने समजावे, दुकानदाराला त्याची खरोखरच दया आलेली आहे. वर, चेटीचंड दोन दिवसांवर होता, म्हणून भाभीजींना घेऊन गोड भात खायला या, असे आग्रहाचे निमंत्रणही मिळाले.

बेत असा होता की, पाडव्याची गुढी सायंकाळी उतरवावी, फराळाचा डबा नि घासलेटचा स्टोव्ह गाडीत टाकावा आणि अक्षय्यतृतीयेपर्यंतचा अखंड चैत्रमास कोकणपट्टीत घालवावा. हा बेत पंचांगाने हाणून पाडला. चैत्रगौरीचे हळदीकुंकू अंबरनाथला, भाचेसुनेच्या मुलाची मुंज बदलापुरास, व्याह्यांकडचा साखरपुडा उल्हासनगरात, आणि पौर्णिमेला सौभाग्यवतींनी 'हे चुकवलंत तर माझ्याशी बोलू नका' असे बजावलेले माझ्या मामांचे सहस्रचंद्रदर्शन पुन्हा बदलापुरास. दोन कार्यांच्या मधे मुरूडला पोहोचून परतण्याइतकीही फट सापडेना. सबब असे ठरले की, मुक्काम करावयाचेच, मात्र तीन स्टेशनांच्या हद्दीत. गाडी सकाळी मंगलकार्यालयाच्या दारात आणि रात्री माळावर. मध्य रेल्वेच्या हिशेबाने उल्हासनगर ते बदलापूर हा टप्पा कसाबसा दहा किलोमीटरांचा. पण कलेक्टर तरी जिल्ह्याबाहेर कोठे जात असे?

पहिला मुक्काम कोंडेश्वराच्या वाटेवर, एका फुललेल्या पळसाखाली झाला. चैत्रात पळसाला पान शोधून सापडत नाही, त्यामुळे सावलीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु सायंकाळच्या उन्हात ती केशरी झुंबड पाहून सौभाग्यवतींनी देखील क्षणभर मच्छर अगरबत्तीचा शोध थांबविला. रात्री नवाच्या सुमारास काचेवर बॅटरीचा झोत पडला. गावचे पोलीस पाटील होते. कोण, कोठले, कोणाकडे आलात, हे प्रश्न त्यांनी ज्या क्रमाने विचारले त्यावरून त्यांची सरकारी शिस्त दिसून आली आणि मला अंमळ आनंदच झाला. कोणाकडेही आलो नाही, असे उत्तर मी दिले. हे उत्तर त्यांच्या नमुन्यात बसेना. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, ते माझ्या बदलापूरच्या मेहुण्यांना उत्तम ओळखतात.

"मग त्यांच्याकडे का नाही झोपत?" त्यांनी विचारले.

"मौज म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी झोत माझ्यावरून सौभाग्यवतींवर नेला, घडीच्या फळीवर नेला, स्टोव्हवर नेला, मग बॅटरी विझवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगा एकच का साहेब?"

सकाळी सहाला मेहुण्यांचा फोन. सातला धाकट्या वन्संचा. "वहिनी, आमचं घर काय परकं आहे? खोली रिकामीच असते. मनात आणू नका, यायचं." आठ वाजेतो ही वार्ता उल्हासनगरच्या व्याह्यांपर्यंत पोहोचली होती, आणि विहीणबाईंनी आपल्या लेकीला, म्हणजे आमच्या सूनबाईंना, फोन करून कठोर शब्दांत विचारले होते की, सासूसासरे रस्त्यावर झोपतात ते काय म्हणून. सूनबाई बिचाऱ्या त्या वेळी आमच्याच गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालीत होत्या.

चिरंजीव सायंकाळी कल्याणहून येताना लोकलमध्ये दोन परिचितांच्या नजरा झेलून आले होते. त्यांनी मला समोर बसवून अत्यंत शांतपणे एक निवेदन केले: "बाबा, केरळला जा, काश्मीरला जा, मी तिकीट काढून देतो. पण इथल्या इथे, चिखलोलीत झोपू नका." त्यात आमच्या समाजाची अलिखित नियमावली सबंध आली आहे. घरापासून हजार किलोमीटरांवर निजणारा म्हातारा हा पर्यटक. सात किलोमीटरांवर निजणारा निराधार. मधली रेषा नेमकी कोठे पडते, याचे परिपत्रक अद्याप निघालेले नाही. माझ्या अदमासे ती कर्जतच्या पलीकडे असावी.

हळदीकुंकवाचे स्वरूप त्या वर्षी चौकशी समितीचे झाले. झोपाळ्यात गौर बसलेली, पुढे चैत्रांगण काढलेले, वाटल्या डाळीला हिंगाची फोडणी नुकतीच पडलेली. कैरी किसून घातलेली ती डाळ तोंडात गेल्यावर माणसाने अन्य विषय काढणे हा मी अविनय मानतो. परंतु मायभगिनींनी पन्ह्याचा पहिला घोट घेताच सौभाग्यवतींचा जबाब नोंदवावयास प्रारंभ केला. सून वेळेवर चहा देते काय? घर कोणाच्या नावावर आहे? मृत्युपत्र रजिस्टर केले काय? आमच्या सौभाग्यवती तशा मितभाषी. त्यांनी ओटीत भिजवलेले हरभरे घेत घेत सारे ऐकले आणि झोपाळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही बाई नवऱ्याला टाकून दर वर्षी महिनाभर माहेरी झोके घेते. तुम्ही सगळ्या तिला कैरीची डाळ भरवता. आधी तिला विचारा, महादेवाशी काय बिनसलंय ते." समितीचे कामकाज त्या दिवसापुरते तहकूब झाले.

त्यांचे हे बोल माझ्या मनात घोळत राहिल्यामुळेच असेल, दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी अंबरनाथच्या शिवमंदिराशी नेऊन उभी केली. शके 982, म्हणजे इसवी सन 1060, हा काळ सांगणारा शिलालेख मंदिरात आहे. शिलाहार राजांचे हे काम, भूमिज पद्धतीचे, आणि बाहेरच्या भिंतीवर मूर्तींची दाटी इतकी की बोट ठेवावयास मोकळा दगड सापडणे कठीण. शेजारच्या वालधुनीच्या पाण्याविषयी न बोललेलेच बरे. मंडपातून गाभाऱ्यात जावयाचे तर वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात, आणि खाली उभे राहून मान वर केली म्हणजे दिसते ते आकाश. कारण शिखर अपुरे आहे. शतकानुशतके साक्षात अंबरनाथ डोक्यावर छप्पर नसताना तेथे राहत आहे, आणि त्याबद्दल गणपती-कार्तिकेयांना कोणी कधी जाब विचारल्याचा दाखला पुराणांत नाही. बाहेर आलो तो गाडीपाशी एक फुलवाला उभा. त्याने आत डोकावून उशा पाहिल्या नि बेलाचे पैसे घेतले नाहीत.

मुंज झाली, साखरपुडा झाला. दोन्ही ठिकाणी माझ्या व्हॅनची निंदा करणाऱ्यांनीच तिच्यातून केळीचे खांब, भटजी, आइस्क्रीमची पिंपे आणि सनईवाल्याची पेटी वाहून नेली, याचा उल्लेख केवळ नोंदीसाठी करून ठेवतो.

मामांच्या समारंभाला मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. सहस्रचंद्रदर्शन ऐंशीव्या वर्षी करावे की एक्क्याऐंशिव्या, यावर घरात दोन तट पडले होते, आणि मामा, जे जन्मभर गणिताचे मास्तर होते, त्यांनी दोन्ही तटांना कागद-पेन्सिल देऊन बसविले. वर्षाच्या बारा पौर्णिमा धरल्या तर ऐंशी वर्षांत 960 भरतात. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो, त्यामुळे आणखी 29 पदरात पडतात. उरलेल्या अकरांसाठी जवळजवळ अकरा महिने आणखी जगणे क्रमप्राप्त आहे. "तेवढं मी मुद्दाम जगलो," मामांनी जाहीर केले. त्यांच्या हिशेबाने हजारावी पौर्णिमा ही चैत्रीच निघाली, आणि ऐन हनुमान जयंतीला बदलापुरात चांदीच्या चंद्राचे पूजन, निरांजनांनी ओवाळणी, जिलबी आणि नातवाने केलेले भाषण असा थाट उडाला. भाषण बरेच लांबले. छायाचित्रकाराने मामांना दर दहा मिनिटांनी उठवून नव्या नातलगांसमवेत उभे केले. "मामा, इकडे बघा, हसा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की माझाच जबडा दुखू लागला.

आमच्या छंदाला मामांचा विरोध सर्वांत सकारण होता. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेथे तुझ्या डबड्याची काय कथा, असे ते मला चैत्राच्या कोरड्या ठणठणीत उन्हात, उल्हास नदी गुडघाभरही नसताना, प्रत्येक भेटीत ऐकवीत आले होते.

रात्री नऊला पाहुणे पांगले. आम्ही नदीच्या अंगाला, जांभळीच्या झाडांखाली गाडी लावली. जांभळे पिकायला अवकाश होता, चंद्र मात्र पुरता पिकलेला. सौभाग्यवती थर्मासमधला चहा ओतीत होत्या, तोच रिक्षा थांबल्याचा आवाज झाला आणि तिच्यातून रेशमी उपरणे, गळ्यातला हार आणि हातात स्वतःची उशी अशा अवस्थेत मामा उतरले.

"बाळ, सरक," ते म्हणाले. "दिवसभर हजार चंद्र दाखवले लेकांनी, वर एकदाही बघू दिलं नाही."

फळीवर मामा निजले. आम्ही उभयता पुढच्या सीटांवर बसूनच डुलक्या काढल्या. मध्यरात्री ओळखीचा झोत काचेवर पडला. बदलापुरातल्या एका लग्नाहून परतणारे तेच पोलीस पाटील होते. त्यांनी मामांना न्याहाळले, उपरणे न्याहाळले, हार न्याहाळला. "आणखी एक?" एवढेच ते पुटपुटले आणि निघून गेले.

सकाळी साडेसहापासून माझ्या मामेभावाचा फोन सारखा वाजू लागला. वन्संनी त्याला आपली रिकामी खोली देऊ केली. विहीणबाईंनी घर कोणाच्या नावावर आहे ते विचारले. आमच्या चिरंजीवांनी पाडव्यानंतर प्रथमच निवांतपणे दुसरा कप चहा मागितला, पाय खुर्चीवर घेतले आणि आपण होऊन मामेभावाला फोन लावला.

"काका, मामाआजोबांना जरा सांभाळा हो," ते अत्यंत मृदू स्वरात म्हणाले. "लोक बोलतात."