आधी श्रीमंत व्हा, मग काटकसर करा
‘खिशात दमडी नसताना जग फिरा’ असं सांगणाऱ्यांचा पासपोर्ट बहुधा जर्मन किंवा ब्रिटिश असतो. आपल्याला स्वस्तात युरोप हिंडायचा, तर आधी पैसेवाले असल्याचं सिद्ध करावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, मुक्कामाची बुकिंगं, वर किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा. शेंगेन व्हिसाचे ९० युरो (जून २०२४ पर्यंत ८० होते, महागाई त्यांनाही आहेच) अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाहीत. घरबसल्या परदेशात खर्च करण्याची याहून उत्तम सोय नाही! तिकडे बँकॉकच्या फुटपाथवर गिटार वाजवत पुढच्या तिकिटासाठी हात पसरणारा गोरा तरुण ‘बॅकपॅकर’ ठरतो. आपल्यापैकी कुणी पॅरिसात तसं बसून पाहावं. परतीचं तिकीट सरकारी खर्चाने निघेल.