टिकतं किती?

नाशिकच्या मेनरोडवर अत्तराच्या दुकानात हा गृहस्थ पाठमोरा उभा असला तरी ओळखू येतो. दुकानदार कुपीचं काचेचं बूच मनगटावर टेकवतो, गृहस्थ दोन्ही मनगटं खसाखसा घासतो आणि हुंगायच्या आधीच विचारतो, "टिकतं किती?" वास कसा आहे ते घरी बायको सांगेलच, टिकाऊपणाची चौकशी मात्र त्याने जातीने करायची असते. "शेठ, शर्ट धुतला तरी जाणार नाही," असं ऐकलं की त्याचा हात खिशाकडे वळतो. कॉलेज रोडच्या झगझगीत काउंटरवर हाच माणूस "लाँग लास्टिंग आहे ना?" म्हणतो. अत्तर तो चप्पल घेतल्यासारखं घेतो. आपण त्याला टिकाऊराव म्हणू. (नाशिक आणि नाक यांवरचा शूर्पणखेचा विनोद नाशिककरांनी पुरेसा ऐकला आहे, तो इथे करत नाही.)

टिकाऊरावांची फसगत या पहिल्याच प्रश्नात होते. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास हलके, ते थोड्याच वेळात उडून जातात. गुलाब-मोगरा मधल्या चालीचे. ऊद, चंदन आणि कस्तुरीच्या वळणाचे वास जड, ते तासन्‌तास हलत नाहीत. म्हणजे ज्याला फक्त टिकाऊपणा हवा, त्याच्या पदरी दुकानातला सगळ्यांत जड वास पडणार, मग माणूस मुळात वाळ्याच्या प्रकृतीचा का असेना. तो ऊद लावून टिकाऊराव सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्यात चढतात. 1975 साली सुरू झालेली ही पासधारकांची गाडी. शेजारी ठरलेले, खिडक्या बंद आणि मुंबई साडेतीन तासांवर. इगतपुरी येईतो शेजाऱ्याने वर्तमानपत्र नाकापर्यंत चढवलेलं असतं. टिकाऊरावांना वाटतं, अग्रलेख चांगला असावा.

यावर कोणी म्हणेल, अत्तर ही ज्याची त्याची आवड, शेजाऱ्याचा काय संबंध? संबंध असा की, सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांतच सोडून देतं. साऱ्या डब्यात तो वास जाणवत नाही असा एकच प्रवासी असतो, आणि त्याचे पैसे त्यानेच भरलेले असतात. वास गेला असं समजून टिकाऊराव कसाऱ्याला पुन्हा दोन फवारे मारतात. तेव्हा आपल्याला काय शोभतं याचा निकाल निदान अर्धा तरी शेजाऱ्याच्या नाकाने लागायला हवा.

दुसरा आक्षेप परंपरेचा. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं आणि इथल्या गुलाबांचं कौतुक आजही होतं. मग अत्तराला हात आखडता का, असा सवाल टिकाऊराव छाती काढून करतात. पण परंपरा त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. लग्नात यजमान अत्तरदाणीतून पाहुण्याच्या मनगटावर एकच बोट फिरवायचा. शौकीन माणूस कानाच्या पाळीत कापसाचा फाया दडवायचा. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त तर राजाची उटीसुद्धा ऋतुमानाने बदलते. राजाला जे पाळावं लागलं, ते टिकाऊरावांना जाचक वाटतं: नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत जो हिना उबदार वाटतो, तोच एप्रिलच्या चाळिशीत ते लावतात आणि डोकं दुखलं की उन्हाला दोष देतात.

थंडीत वास टिकत नाही ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे. कोरड्या कातडीवर अत्तर धरत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधी चिमूटभर व्हॅसलीन किंवा दोन थेंब खोबरेल, दुसरी बाटली नव्हे. पण व्हॅसलीनवर दिवाळीची सूट नसते.

खरेदीला निघालात तर एका मनगटावर एकच थेंब लावून घ्या, मनगट घासू नका आणि पैसे न देता दुकानाबाहेर पडा. रविवार कारंजा, भाजी, बँक, जी कामं असतील ती उरका. दोन तासांनी जो वास उरेल तो तुमचा. तो कसा आहे हे तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसाला विचारा, आणि मगच दुकानाची पायरी पुन्हा चढा.