कुत्र्याचं तिकीट

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते वरठीला आहे, आणि पाटीवर नाव ‘भंडारा रोड’. माणसालाच इथून गाडी धरायला आधी एक छोटा प्रवास करावा लागतो, तर कुत्र्याची काय कथा!

रेल्वेच्या लेखी कुत्र्याला जागा दोनच. फर्स्ट एसीतला अख्खा कुपे मालकाने घ्यायचा, नाहीतर कुत्र्याने गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसायचं. स्लीपर, थ्री-टायर, टू-टायर त्याला वर्ज्य. आता तुमसर रोडहून मध्य प्रदेशातल्या तिरोडीला जाणाऱ्या पॅसेंजरला फर्स्ट एसी कुठला? ‘मोत्याले कुठं बसवाचं जी?’ असं कुणी विचारलंच, तर उत्तर एकच: गार्डसाहेबांजवळ. गाडी ज्याच्या हिरव्या झेंडीवर हलते त्याचा शेजार! आपल्याला तो जन्मात मिळायचा नाही.

नियम रुक्ष असतात म्हणतात. मला १९७८ सालचे जनावरांच्या वाहतुकीचे नियम वाचून तसं वाटलं नाही. निघण्यापूर्वी कुत्र्यामांजराला खाऊपिऊ घाला, उपाशी बांधून नेऊ नका. उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्या, हिवाळ्यात दर सहा तासांनी. पिल्लं मोठ्यांबरोबर ठेवायची नाहीत, आई असली तर चालेल. आणि जो तापट असेल त्याला वेगळं ठेवून, तोंडाला मुसकी घालून, वर तशी सूचना चिकटवायची. ही शेवटची सोय माणसांच्या डब्यात का नाही, हे मला कळलेलं नाही.

वाघाला अर्थात यातलं काहीच लागत नाही. नागझिऱ्याचा ‘जय’ वाघ महामार्ग ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला तो कुठल्याही डॉक्टरच्या दाखल्याविना. जंगलं तीच, सरकारने १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा काढला तेव्हाही वाघांना कुणी कळवलं नव्हतं.

खरी कसोटी परदेशी. भंडाऱ्याच्या पोराला जर्मनीत नोकरी लागली आणि कुत्रा न्यायचा म्हटलं, की आधी चिप, मग रेबीजची लस. क्रम उलटला तर लस टोचलीच नाही असं धरतात. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त तपासायचं, त्यात प्रतिपिंडं पुरेशी निघाली तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. पोराचा व्हिसा तेवढा दम धरत नाही. तो पुढे जातो, कुत्रा मागे आजीकडे.

आणि त्या तीन महिन्यांत दूधभाताची सवय लागते. कुत्र्याला लागते, तशी आजीलाही, रोज दोघांपुरता तांदूळ धुवायची. कागद तयार झाले की ती म्हणते, ‘तिथं त्याले भात कोण देईन?’ जर्मन वकिलातीकडे या प्रश्नाचा अर्ज नाही. मग पोरगा व्हिडिओ कॉल लावतो, आणि आईची तक्रार अशी की आधी कुत्र्याला बोलावतो.