कुंपणापलीकडचा रशियन

"वहिनी, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या जाळीवरून सकाळी चिडला होतात ना? तिच्याहून नामी कुंपण सांगतो."

"कुणाचं हो, नाना?"

"सोल्झेनित्सिनचं. रशियन लेखक, 1970चं नोबेल. 1974च्या फेब्रुवारीत सरकारनं पकडलं, नागरिकत्व काढलं आणि विमानात घालून जर्मनीला धाडलं. पुढं झुरिकला राहिला आणि 1976 साली गेला कुठं, तर अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या कॅव्हेंडिश नावाच्या आडगावी. पन्नासेक एकर रान घेतलं आणि भोवतीनं जाळी ठोकली."

"आल्या आल्या शेजाऱ्यांशी वाकडं!"

"अगदी. थंडीत बर्फावरच्या गाड्या त्या रानातून जायच्या, शिकारी हरणांमागं फिरायचे. सगळ्यांच्या वाटा बंद. मग गावात कुजबुज. त्यात घर आणि लिहिण्याची इमारत तळघरातून जोडलेली."

"भुयार? मग कुजबुज होणारच की!"

"बर्फात बाहेर न पडता लिहायला जाता यावं, एवढंच. पण ऐकतंय कोण? शेवटी 1977च्या ग्रामसभेला हा स्वतः गेला, दुभाष्या घेऊन. कुंपणाबद्दल माफी मागितली. म्हणाला, हेरांना जाळी काय अडवणार, पण न बोलावता येणारे तरी अडतील, मला लिहायचंय."

"आणि लोकांना पटलं?"

"पटलं म्हणजे काय! गावच्या दुकानात पाटी लागली: इथं स्वच्छतागृह नाही, अनवाणी येऊ नये, सोल्झेनित्सिनच्या घरचा रस्ता विचारू नये. जगभरचे पत्रकार यायचे आणि पाटी वाचून परत जायचे."

"आपल्याकडं असता ना, तर रिक्षावाल्यानं फाटकाशी आणून सोडलं असतं, वर आत कोण कोण आहे तेही सांगितलं असतं."

"तेही सांगतो की. बायको नतालिया, तीन मुलगे आणि सासूबाई."

"त्याची सासू? मग लिहिणं झालं कसं?"

"सासूबाई होत्या म्हणूनच झालं असेल, वहिनी. घर कुणीतरी चालवायला हवं ना? हा सकाळपासून रात्रीपर्यंत 'लाल चाक' लिहीत बसलेला. रशियन क्रांतीवरची कादंबरी, एकावर एक जाडजूड खंड. आणि अक्षरजुळणी नतालिया करायची, घरातच, यंत्रावर. मूळची गणिताची बाई ती! नवऱ्याचं नवं लिखाण पहिल्यांदा तीच वाचणार, तीच चुका काढणार. मग पानं पॅरिसला जायची, तिथं रशियन प्रकाशन होतं, पुस्तक तिथून निघायचं. नाव मात्र त्याचं एकट्याचं."

"ते तर ठरलेलंच. बरं, अमेरिकेत राहून अमेरिकेबद्दल चांगलं बोलला का?"

"हॅ! 1978ला हार्वर्डला पदवीदानाला बोलावलं, तर पश्चिमेत आता धैर्यच उरलं नाही, असं ऐकवून आला."

"बघा! आसरा घ्यायचा आणि वर नावं ठेवायची!"

"मला नाही तसं वाटत. मॉस्कोत जो गप्प बसला नाही, तो तिथं पाहुणा म्हणून गोड बोलेल? पुष्कळ अमेरिकनांना झोंबलं ते. दुकानातली पाटी काही कुणी काढली नाही."

"आणि मुलं?"

"गावच्याच शाळांत गेली. इग्नात पियानो शिकला, मोठा वादक झाला. 1994ला परतायचं ठरलं तेव्हा म्हातारा पुन्हा ग्रामसभेला आला, गावाचे आभार मानून गेला. तिकडून मगादान, व्लादिवोस्तोक, आणि मग आगगाडीनं अख्खा रशिया ओलांडत मॉस्को."

"पण नाना, त्या गावकऱ्यांनी ते 'लाल चाक' वाचलं तरी का?"

"रशियन कुणाला येत होतं? पहिला भाग वाढवलेल्या रूपात इंग्रजीत आला 1989ला, दुसरा 1999ला. तिसरा, 'मार्च 1917', यायला सुरुवात झाली ती 2017 साली. म्हातारा 2008लाच गेला होता."