पुढची कोणती घ्यावी?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाकीच्यांच्या गाड्या वयाने वाढत जातात. बंपरवर ओरखडे येतात, रंग उन्हाने विटतो, मागच्या काचेवर मुलाच्या शाळेचा स्टिकर लागतो आणि मुलगा इंजिनीअर झाला तरी तो निघत नाही. एका जागेवरची गाडी मात्र तीन वर्षांच्या पुढे कधी जातच नाही. दसरा किंवा पाडवा आला की तिथे पुन्हा हार घातलेली, चाकाखाली लिंबं ठेवलेली नवी गाडी उभी असते. वॉचमन वहीतला नंबर खोडून नवा लिहितो आणि बिल्डिंगमध्ये पेढे फिरतात. पेढे खाता खाता लोक कारणमीमांसा करतात. कोणी म्हणतं पैसा झालाय, कोणी म्हणतं दाखवायची हौस, कोणी म्हणतं कंपन्याच माणसाला वेड लावतात. चौथं कारण हे गृहस्थ स्वतः देतात : "आत्ताच काढली तर भाव चांगला येतो." चारही कारणांत थोडं थोडं तथ्य आहे, पण एकही पुरं पडत नाही. माझं म्हणणं असं की या गृहस्थांचा जीव गाडीत नाहीच, तो गाडी निवडण्यात आहे. निवड संपली की गाडी घरी आणावी लागते, ती केवळ नाइलाज म्हणून.

नव्याची आवड म्हणावी, तर ती घरातही दिसायला हवी. तिथे वीस वर्षांपूर्वीचा मिक्सर "अजून चालतोय ना" या एका वाक्याच्या आधाराने जगतो आहे. पडद्यांचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं आहेत. गीझरचा विषय बायकोने काढला की हे "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. कोणत्या दिवाळीनंतर, ते सांगत नाहीत. चालवण्याची आवड म्हणावी, तर विकायला काढलेल्या त्यांच्या गाडीचं रीडिंग पाहावं : तीन वर्षांत पंधरा-सोळा हजार किलोमीटर. गृहस्थ पुण्याचे असतील तर ऑफिसला मेट्रोने जातात, कारण कर्वे रस्त्यावर कोण कधी घासून जाईल याचा नेम नाही. खरा उत्साह पाहायचा तर ती गाडी घरात येण्याआधीचे सहा महिने पाहावेत. एकीचा ग्राउंड क्लिअरन्स 190 मिलिमीटर आणि दुसरीचा 205, हा पंधरा मिलिमीटरचा फरक त्यांना आठवडाभर झोपू देत नाही; सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर दोन्ही गाड्या मुकाट्याने ओलांडणार असतात, तो भाग वेगळा. टेस्ट ड्राइव्हला ते मुद्दाम खराब रस्ता मागतात आणि आपल्या शहरात ही मागणी कोणत्याही शोरूमला पन्नास पावलांत पुरवता येते. पासिंगच्या आधी, गाडी यार्डात असतानाच, ते टॉर्च घेऊन तपासणीला हजर होतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून त्याची जन्मवेळ सांगतात : 2324 असेल तर 2024 सालातला तेविसावा आठवडा. शोरूममधला पोरगा त्यांना सुरुवातीला सवयीने 'सर' म्हणतो, शेवटी मनापासून म्हणतो. या सगळ्या काळात त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असतं ते बुकिंगच्या दिवशी शिगेला पोचतं, आणि डिलिव्हरीच्या दिवशी, हातात ती थर्माकोलची मोठी किल्ली धरून फोटो काढताना, ओसरायला लागतं. कारण आता ठरवायचं काही उरलेलं नाही.

पुढचा प्रवास ठरलेला. पहिले हजार किलोमीटर गाडीत वडापाव खायला बंदी, पाहुण्यांनी दार लावताना "हळू!", आणि पाण्याच्या बाटलीचं बूच घट्ट आहे ना याची दर सिग्नलला चौकशी. मग पहिला ओरखडा पडतो. घरातल्यांना वाटतं आता हे आठ दिवस जेवणार नाहीत. प्रत्यक्षात त्या दिवसापासून ते जरा मोकळे झालेले दिसतात. दुसऱ्या वर्षी "सस्पेन्शन तसं कडकच आहे" हे वाक्य येतं. तिसऱ्या वर्षी डिकी लहान वाटू लागते. डिकी पहिल्या दिवशीही तेवढीच होती, आणि ती किती लिटरची हे याच गृहस्थांना तोंडपाठ होतं. गाडीत काही बिघडलेलं नसतं. गृहस्थांना फक्त काम हवं असतं.

हा माणूस 1975 साली का नव्हता, या प्रश्नातही माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. तेव्हा देशात मोटारी म्हणजे कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. शेवटी मिळेल त्या रंगाची गाडी प्रसाद म्हणून घ्यायची. निवडायला काही नव्हतं, म्हणून निवडणारा जन्मला नाही. गाडीवेडे होतेच की. ते रविवारी सकाळी बनियनवर अंगणात कार्बोरेटर उघडून बसत, आणि एकच गाडी पंचवीस वर्षं सांभाळून पुढच्या पिढीच्या हवाली करत. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, 1991 नंतर दारं उघडली, आणि 1998 या एकाच वर्षात सँट्रो, मॅटिझ आणि पुण्यात तयार झालेली इंडिका अशा तीन लहान गाड्या एकदम समोर उभ्या राहिल्या. तीन गाड्यांतून एक निवडायची म्हणजे तुलनेला तीन जोड्या होतात. आज एकाच मॉडेलचे बेसपासून टॉपपर्यंत डझनभर प्रकार असतात. त्यांच्या जोड्या किती होतात ते गृहस्थांना विचारावं, त्यांनी तक्ता केलेला असतो.

आता त्यांचा स्वतःचा युक्तिवाद, की लवकर विकलं तर नुकसान कमी. हिशेब मांडून पाहू. शोरूममधली किंमत पंधरा लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या अशा गाडीवर एकरकमी कर 12 टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार, आणि तो सबंध पंधरा वर्षांचा असतो. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या कोष्टकाप्रमाणे तिसऱ्या वर्षात गाडीची किंमत 30 टक्क्यांनी उतरलेली धरतात, म्हणजे साडेचार लाख गेले. कर धरून प्रत्येक फेरीला सहा लाख तीस हजार. किमती वाढल्याच नाहीत असं उदार मनाने मानलं, तरी पंधरा वर्षांत पाच फेऱ्या, साडेएकतीस लाख. तीच गाडी कोणी पंधरा वर्षं वापरून भंगारात फुकट दिली तरी त्याचे गेले सोळा लाख ऐंशी हजार. फरक चौदा लाख सत्तर हजारांचा, म्हणजे जवळजवळ आणखी एक अख्खी गाडी. ही गाडी कोणी चालवली नाही, तिच्यात कोणी बसलं नाही, तिला हारसुद्धा घातला गेला नाही. यावर आक्षेप येतो की जुन्या गाडीला दुरुस्ती लागते. लागतेच. क्लच, बॅटऱ्या, सस्पेन्शन यांच्यासाठी सात लाख बाजूला काढा. तरी साडेसात लाखांच्या वर उरतात. ही रक्कम गृहस्थांना दिसत नाही असं समजू नये. हिशेबात ते पक्के असतात, लिटरमागे अ‍ॅव्हरेज दशांशात लिहून ठेवतात. फक्त या एका आकड्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नसतो. माणूस नाटकाच्या तिकिटाला नुकसान म्हणत नाही, तसाच हा प्रकार.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. डिसेंबर 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, आणि तेव्हापासून सामान्य गिऱ्हाईकसुद्धा तारे विचारू लागलं. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप आहे. एअरबॅग नसलेली जुनी गाडी काढून चांगली तारांकित गाडी घेणारा माणूस शहाणाच. पण हे कारण एकदा पुरतं. पाच ताऱ्यांवरून गृहस्थ जातात ते पुन्हा पाच ताऱ्यांच्याच गाडीकडे. तेव्हा कारण सनरूफ असतं, त्यानंतर हवेशीर सीट आणि त्यानंतर वळणावर आपोआप वळणारा दिवा. नियमांचंही तसंच. 2020 च्या एप्रिलला बीएस-6 आलं, ते एक कारण झालं. ई-20 पेट्रोल आलं, ते दुसरं. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ते तर सरकारने घरी पाठवलेलं आमंत्रणच. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर गदा आल्याची बातमी ते दर वेळी मोठ्याने वाचून दाखवतात. महाराष्ट्रात तो नियम नाही. इथे पंधरा वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त नीट ठाऊक असतं. शिवाय आपली गाडी दहाव्या वर्षापर्यंत पोचणार नाही, हेही.

कंपन्यांवर दोष ढकलणं सोपं आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. हेन्री फोर्डने मॉडेल टी ही एकच गाडी 1908 पासून 1927 पर्यंत विकली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दर वर्षी नवं रूप काढून तिला मागे टाकलं. त्याच कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी 1929 साली ग्राहकाला असमाधानी ठेवा असं बजावणारा लेखच लिहिला. हँडल मारून मोटार सुरू करण्याच्या कटकटीतून जगाला सोडवणारा विजेचा स्टार्टर याच केटरिंग यांचा, म्हणजे एका हाताने सुख देऊन दुसऱ्या हाताने ते टिकू कसं द्यायचं नाही याचाही विचार करून झाला. पण हा मंत्र सगळ्यांवर चालत नाही. तोच फेसलिफ्ट शेजारच्या काकांच्याही वर्तमानपत्रात छापून येतो. ते त्या पानावर भाजी निवडतात आणि पंधरा वर्षांच्या वॅगन-आरने मंडईत जातात. कंपन्या काडी लावतात हे खरं, पण पेट्रोल आधीपासून तिथे असावं लागतं.

दाखवण्याची हौस हे कारण तर या गृहस्थांच्या बाबतीत उघडउघड चुकीचं ठरतं. दाखवणारा माणूस दर वेळी वरची पायरी चढतो आणि आरटीओत पसंतीच्या नंबरासाठी जास्तीचे पैसे मोजतो. आपले गृहस्थ मध्येच दांडगी एसयूव्ही विकून मॅन्युअल गिअरची छोटी हॅचबॅक आणतात आणि "हिचा स्टिअरिंग फील काय आहे!" म्हणतात. बिल्डिंगला वाटतं धंदा बसला. दोघे जण तर दबल्या आवाजात चौकशी करून जातात. या गैरसमजाने दाखवणारा माणूस खचला असता. गृहस्थ त्यांनाही खाली नेऊन स्टिअरिंग दाखवतात.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र त्यांच्या स्वतःच्या गाड्यांत नाही, दुसऱ्यांच्या गाड्यांत आहे. नात्यात किंवा ऑफिसात कोणाला गाडी घ्यायची असली की त्याला ह्यांच्याकडे पाठवतात. "बजेट किती, रोजचं रनिंग किती, घाटात किती जाता, आई-वडिलांना चढ-उतार करायची का?" असे प्रश्न येतात, कागद निघतो, दोन तास जातात, चहा दोनदा होतो. त्या संध्याकाळी ते जितके आनंदी असतात तितके स्वतःच्या गाडीत कधी दिसत नाहीत, आणि त्यात त्यांचा एक पैसाही गेलेला नसतो. विचारायला आलेला माणूस शेवटी त्याने आधीच ठरवलेली पांढरी स्विफ्ट घेतो, हा भाग अलाहिदा. गृहस्थांना त्याचं दुःख होत नाही. त्यांचं काम झालेलं असतं. घरच्यांनी हे ओळखलं तर बराच खर्च वाचेल. महिन्याला एक गरजू नातेवाईक पुरवला, तर तीन वर्षांची फेरी सहज पाचवर जाईल.

पण तुम्ही घरचे नसाल तर त्यांना सुधारण्याच्या भानगडीत पडू नका, कारण ते आहेत तसेच तुमच्या उपयोगाचे आहेत. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 साली त्याला नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा वाटा मोठा. म्हणणं थोडक्यात असं : गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराबच धरून भाव पाडतो, मग चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही आणि बाजारात खराब गाड्या उरतात. आपल्या गृहस्थांचा प्रकार या नियमात बसत नाही. ते गाडी विकतात ती गाडीत खोट आहे म्हणून नाही. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये तारखेवार लावलेली असतात, रीडिंग खरं असतं आणि करातली बारा वर्षं अजून शिल्लक असतात. तेव्हा तुमच्या सोसायटीतले गृहस्थ कोण ते शोधून ठेवा, आणि तिसऱ्या वर्षी श्रावणाच्या सुमारास जिन्यात भेटले की सहज विचारा, "नवं मॉडेल पाहिलंत का?" बाकीचं ते स्वतः करतील. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र मागा, विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस मात्र मागू नका. विम्याच्या नियमाप्रमाणे तो गाडीबरोबर येत नाही, मालकाकडेच राहतो; आणि त्यांना तो दसऱ्याला लागणार आहे.