साहेबांची वही

तुरुंगावर संशोधन करायचं तर आधी स्वतःकडे बघा, असं हल्ली बजावतात. १९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डोंनी नकली तुरुंग थाटला. संशोधक तेच, सुपरिंटेंडंटही तेच. पेपर काढणारा आणि तपासणारा एकच! कैदी पळणार अशी आवई उठताच साहेब वही विसरून बंदोबस्ताला लागले. तेवढ्यात एका जुन्या मित्राने विचारलं, यातलं स्वतंत्र चल, म्हणजे तू मुद्दाम बदलून बघतोयस तो घटक, कोणतं? साहेब भडकलेच. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी गुंडाळला, तोही मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी खडसावल्यावर.

आता सुधारणा आहे. प्रबंधात ‘माझी भूमिका’ असं अख्खं प्रकरण असतं. संशोधकाची जात, वर्ग, अपराधभाव, सगळं सविस्तर. मुलाखतीला शेजारी जेलचा शिपाई बसला होता, ही किरकोळ बाब मात्र तळटीपेत.