पोटभाडेकरू

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत शेवाळ येतं ते मानपान सांभाळून, ठरल्या क्रमाने येतं. आधी तपकिरी. पांढऱ्याशुभ्र वाळूवर एका रात्रीत मळकट थर धरतो, ते डायटम. त्यांना कवच बांधायला सिलिका लागते, आणि ती नव्या वाळूत आणि नळाच्या पाण्यात सापडते. सिलिका सरली की ही मंडळी आपण होऊन निघतात. मग येतं हिरवं, केसाळ, दगडादगडावर लोंबणारं. त्याच्या मागोमाग जांभळट लाल, बुळबुळीत पापुद्रा. तो चिमटीत धरला तर अख्खा सोलून येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागच्या जागी हजर असतो. हे खरं म्हणजे शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. इतक्या जुन्या घराण्याला टूथब्रशने घासताना मला तरी संकोच वाटतो. चिरंजीवांना वाटत नाही.

चिरंजीव न्यू जर्सीत असतात. खराखुरा अटलांटिक महासागर तिथून तासाभराच्या अंतरावर आहे, पण दिवाणखान्यातला समुद्र घरीच कालवावा लागतो. टाकी पंचाहत्तर गॅलनची, म्हणजे २८४ लिटरची. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने तिला दहा किलो मीठ लागतं, आणि ते मीठ वाण्याकडचं चालत नाही. पाणीही नळाचं चालत नाही. तळघरात एक यंत्र थेंबथेंब पाणी गाळत असतं. एक बादली निर्मळ पाण्यामागे तीन-चार बादल्या मोरीत सोडतं. पुण्यात उभा जन्म टँकरची वाट बघण्यात गेलेल्या माणसाने हे कसं बघावं? सौ.ने दुसऱ्याच दिवशी नळीखाली बादल्या लावल्या. त्या घराची फरशी तेव्हापासून दिवसातून दोनदा पुसली जाते.

आम्ही सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलो आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर माशांची देखभाल आपसूक आमच्याकडे आली. मासे म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी, नातीच्या भाषेत दोन्ही निमोच, आणि एक ब्लेनी. ब्लेनीबद्दल पुढे सांगतो. चिरंजीवांची सूचना स्पष्ट होती: दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

"जेवायला बसलेल्याला कुणी घड्याळ लावून वाढतं का रे?" सौ. म्हणाली.

"आई, उरलेलं सगळं शेवाळाच्या पोटात जातं."

"मग त्यालाही भूक लागतेच की."

शास्त्र इथे चिरंजीवांच्या बाजूने आहे. उरलेलं अन्न आणि माशांची घाण कुजते, तिचा अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे शेवाळाचं खत. त्याच अन्नातून फॉस्फेटही येतं. चिरंजीव रविवारी सकाळी परीक्षानळ्या घेऊन बसतात तेव्हा त्यांना फॉस्फेट लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅमच्या आत हवं असतं. मी कागदावर हिशेब मांडला: सगळ्या टाकीत मिळून २८ मिलिग्रॅम! चिमूटभर मिठाचा दहावा हिस्साही नाही. एवढ्याशा मर्यादेत आपला आग्रह बसायचा कसा? आमच्याकडे "अजून अर्धी पोळी" यालाच प्रेम म्हणतात, आणि क्लाउनफिश तर काचेपाशी येऊन, तोंड उघडून असे काही बघतात की कोकणस्थाचाही हात सैल सुटावा.

शेवाळ खायला माणसं ठेवलेली आहेत, म्हणजे गोगलगायी. ही युक्ती जुनी. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती यांचा मेळ घालून बघितला. पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि संसार सावरला. चिरंजीवांच्या गोगलगायी अ‍ॅस्ट्रिया जातीच्या. शंखाला टोक आणि तळाला बूड मोठं. चरत चरत काचेवरून निसटल्या की वाळूत उताण्या पडतात, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःहून उलटता येत नाही. मऊ पाऊल बाहेर काढून हवं तिकडे लांबवतात, वाळू चाचपतात, धरायला काही मिळत नाही. तशाच राहिल्या तर मरतात, मेल्या की कुजतात, आणि कुजल्या की पुन्हा अमोनिया. म्हणून सकाळच्या चहाआधी लांब चिमटा घेऊन उताण्या गोगलगायी सरळ करण्याचं काम माझ्याकडे होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर इतकं जबाबदारीचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं.

ही थट्टा वाटेल, पण खऱ्या समुद्राचंही याच चाकरमान्यांवर चालतं. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ साली लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळिंदरांत साथ आली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मेले. शेवाळ खाणारे बाकीचे, म्हणजे मासे, माणसांनी आधीच पकडून संपवत आणले होते. बघता बघता जमैकाभोवतीची प्रवाळभिंत शेवाळाखाली गेली. तिथे चिमटा घेऊन जाणार कोण?

मला मौज वाटते ती वेगळीच. टाकीतल्या ज्या प्रवाळासाठी एवढी शेवाळहत्या चालली आहे, ते प्रवाळ स्वतःच शेवाळावर जगतं. त्याच्या पोटाच्या अस्तरातल्या पेशींत एकपेशी शैवालाने बिऱ्हाड केलेलं असतं, एका चौरस सेंटीमीटरात लाखांच्या घरात. हे पोटभाडेकरू उन्हात साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा मालकाला भाड्यापोटी देतात. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही त्यांचाच. पाणी फार तापलं की मालक-भाडेकरूंचं बिनसतं, भाडेकरू बाहेर पडतात आणि मालक पांढराफटक होऊन उपाशी बसतो. आपल्या लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झालं. म्हणजे टाकीवरचा तो महागडा निळा दिवा शेवाळासाठीच आहे. फक्त करार केलेल्या शेवाळासाठी. बिनकराराच्या शेवाळाला वाटतं, दिवा आपल्याचसाठी लावलाय. त्याचं काय चुकलं?

बरं, पाणी अगदीच निष्कांचन करून टाकावं, तर तेही परवडत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आली की बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट नावाची पीडा उपटते: तपकिरी शेंबूड, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि काही जाती इतक्या विषारी की त्या खाऊन गोगलगायी मरतात. आता हे डायनोफ्लॅजेलेट म्हणजे कोण? प्रवाळाच्या पोटात बिऱ्हाड करून राहणाऱ्यांचेच भाऊबंद. एक भाऊ आत बसून घर चालवतो, दुसरा दारात राडा घालतो. कोर्टात गेलेली घराणी आपल्याकडे कमी नाहीत, पण अख्खी वाडी पोसणारा आणि अख्खी वाडी मारणारा असे सख्खे नमुने मी दुसरे पाहिले नाहीत.

आता ब्लेनी. बेडकाच्या तोंडाचा, सदा चिंतातुर असा हा मासा दगडावर पोट टेकून शेवाळ खरवडतो. चिरंजीवांनी तो खास त्यासाठी आणला. त्याने काम चोख बजावलं, केसाळ हिरवं उतरलं, आणि मग ब्लेनीचं पोट खपाटीला गेलं. त्याचं पुढे काय करायचं? तेव्हा सुनेने जपानी दुकानातून नोरी आणली. नोरी म्हणजे वाळवलेलं शेवाळ. त्याचा तुकडा रोज काचेला चिमट्याने लावायचा. शिवाय टाकीखालच्या कपाटात वेगळ्या दिव्याखाली केटो नावाचं हिरवं, गुंतावळ्यासारखं शेवाळ मुद्दाम वाढवलेलं, का तर त्याने खत खाऊन टाकावं आणि वरच्यांना काही उरू नये. त्याचा दिवा रात्री लागतो, वरचा दिवसा. सौ.ने एकदा हे सगळं बोटांवर मोजलं. वरचं घासायचं, आतलं जपायचं, खालचं वाढवायचं, आणि एक दुकानातून आणायचं. "तुमच्या आईने लोणच्यांचं सोवळं इतकं पाळलं नाही," ती मला म्हणाली.

परवा व्हिडिओ कॉलवर चिरंजीव हर्षभरित दिसले. टाकीतल्या दगडावर जांभळे ठिपके आले होते. "बाबा, कोरलाइन आलं! टाकी मुरायला लागली." कोरलाइन म्हणजे चुन्याचं कठीण कवच धरणारं शेवाळ. आजवर शेवाळ दिसलं की या मुलाचा चेहरा पडायचा, आणि हे आल्यावर तो पेढे वाटायच्या बेतात होता.

"मग आता हे ठेवायचं का काढायचं?" सौ.ने विचारलं.

"दगडावरचं ठेवायचं, समोरच्या काचेवरचं पात्याने खरवडायचं."

"बरं," ती म्हणाली, "आणि त्या निमोंना आज पोटभर घातलंस ना?"